ताप आला तर आधी बाटल्या, मग गोळ्या

ती. दादास साष्टांग नमस्कार.

वहिनी, हे तुम्हीही वाचा. ताप भरलेला माणूस कागद शोधत बसत नाही.

दादा, तुझ्या हृदयातला कृत्रिम व्हॉल्व्ह (झडप) धातूचा आहे. म्हणून ताप 100.4 च्या वर गेला, तर कारण काहीही वाटो, रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्त बाटलीत ठेवून त्यातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी, घेतल्याशिवाय अँटिबायोटिकची एकही गोळी पोटात जाऊ देऊ नकोस. मागच्या आजारातली उरलेली पट्टी तर नाहीच नाही. पॅरासिटामॉल चालेल.

रक्तात जंतू सगळ्यांच्याच शिरतात, अगदी दात घासतानाही, आणि शरीर थोड्याच वेळात त्यांचा निकाल लावतं. पण कृत्रिम व्हॉल्व्हच्या शिवणीपाशी फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे धागे) आणि प्लेटलेटचा थर बसलेला असेल, तर जंतू त्याला चिकटतात. वर आणखी थर चढतो आणि आत ते वाढत राहतात. त्या गाठोड्याला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे पांढऱ्या पेशी आत पोचत नाहीत आणि औषधही जेमतेम पोचतं. चार दिवसांच्या गोळ्यांनी रक्तातले जंतू मरतात, ताप उतरतो, घरात सगळ्यांना हायसं वाटतं. व्हॉल्व्हवरचे मात्र तसेच असतात. ताप परत येतो तेव्हा कल्चरमध्ये कित्येकदा काहीच उगवत नाही, आणि मग जंतू कोणता हे न कळताच निदान सहा आठवडे शिरेतून औषध चालवावं लागतं. हे टाळता येतं, म्हणून इतकं कळकळीने लिहिते आहे.

कल्चर म्हणजे एक बाटली नव्हे. दोन-दोन बाटल्यांच्या तीन जोड्या हव्यात, तीन वेगवेगळ्या ठिकाणी सुई टोचून, आणि पहिल्या-शेवटच्या जोडीत निदान एक तासाचं अंतर ठेवून. बाटलीत प्रत्येकी 8 ते 10 मिली, म्हणजे सगळं मिळून पन्नास-साठ मिली रक्त. जास्त वाटेल, पण एका मिलीमध्ये कित्येकदा एखादाच जंतू सापडतो. रक्त कमी घेतलं की तो निसटतो. थंडी वाजायची वाट बघू नये, व्हॉल्व्हच्या या संसर्गात जंतू रक्तात सतत झिरपत असतात.

कातडी क्लोरहेक्सिडिन मिसळलेल्या स्पिरिटने 30 सेकंद घासायची आणि आपोआप सुकू द्यायची. फुंकर नाही, आणि पुसल्यावर शीर पुन्हा बोटाने चाचपायची नाही. बाटलीचं रबरी बूचही स्पिरिटने पुसायचं. आधीच लावलेल्या सलाइनच्या सुईतून रक्त घेऊ देऊ नका. बाटल्या फ्रिजमध्ये जाता कामा नयेत. एवढी काळजी का, तर कातडीवरचा साधा जंतू एरवी 'बाहेरून आलेला' म्हणून सोडून देतात, पण धातूच्या व्हॉल्व्हवर तोच खरा आजार करतो. तीन ठिकाणच्या रक्तात तोच उगवला की शंका उरत नाही.

मात्र दम लागला, बोलण्यात गोंधळ झाला किंवा बीपी पडलं, तर तासाचं अंतर विसरा. जोड्या पटापट घेऊन लगेच औषध सुरू व्हायला हवं.

वहिनी, ताप असेल तेव्हा दादाची नखं उजेडात बघा. नखाखाली कुसळ रुतल्यासारखी उभी, तांबूस-काळी रेघ, बोटाच्या टोकाला दुखरी गाठ, तळहातावर न दुखणारे लाल डाग, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. तोंड एकाएकी वाकडं झालं किंवा हात लुळा पडला तर एक मिनिटही घालवू नका. गाठोड्याचा तुकडा मेंदूत गेलेला असू शकतो.

छातीवरून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) धातूची सावली पडते, म्हणून अन्ननलिकेतून इको करायला सांगतील. तो नॉर्मल आला तरी शंका राहिलीच, तर 5 ते 7 दिवसांनी पुन्हा करतात.

रक्त पातळ करायची गोळी चालू असताना कमरेत इंजेक्शन घेऊ नकोस, स्नायूत रक्त साकळतं. कुठलंही अँटिबायोटिक सुरू झालं की तीन-चार दिवसांत आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) तपास.

दात काढायचा किंवा हिरड्यांचं काम करायचं असेल तर आधी 30 ते 60 मिनिटं अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम, एकदाच. विसरलास तर नंतर दोन तासांच्या आत घे. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर दुसरं औषध आधीच विचारून ठेव.

तुझी,
धाकटी

ता. क. व्हॉल्व्हचं कार्ड पाकिटात ठेव, कपाटात नको. आणि 'आधी कल्चर' हे दोन शब्द त्याच्या मागे ठळक लिही.