पंखा बंद करणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, बाबांना पायऱ्या नकोत म्हणून तुम्ही मागचं दार उघडून दिलंत आणि त्या गडबडीत आम्ही निघालो. घरी आल्यावर बाबांनी पहिला प्रश्न केला, "त्यांचं नाव काय गं?" मला सांगता येईना. म्हणून हे पत्र असं उघड लिहितेय. एप्रिलमधल्या त्या दुपारी १९४२ सालचं वर्तमानपत्र बघायला ८५ वर्षांच्या वडिलांना घेऊन आलेली बाई, एवढ्यावरून तुम्ही ओळखाल.

हे कशाला हवंय, असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तुमच्या आधी सगळ्यांनी तेच विचारलं होतं, म्हणून तुम्हाला आपणहून सांगते.

माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. त्यांना वाचता येत नसे. चाळीतल्या गॅलरीत एक मास्तर संध्याकाळी पेपर मोठ्यानं वाचायचे आणि आजोबा कामावरून आले की थेट तिथे जाऊन बसायचे. आयुष्यभर ते एक वाक्य सांगत आले, "आमचा मेयर तुरुंगातून आला होता." नाव होतं युसुफ मेहेरअली. लढाईचे दिवस, मुंबईवर बॉम्ब पडायची धास्ती. तेव्हा मेहेरअलींनी लोकांचं स्वयंसेवक दल उभं केलं आणि आजोबा त्यात होते. घरात हे कोणी फारसं मनावर घेतलं नाही. आजोबा गेल्यावर तेच वाक्य बाबा सांगायला लागले. गेल्या दिवाळीत जेवताना कोणीतरी म्हणालं, "मेयर तुरुंगात जातो बाबा, तुरुंगातून येत नाही." सगळे हसले. बाबा ताटावरून उठले नाहीत, पण त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

मोबाईलवर सापडलं असतं, सापडलंही. मी वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "त्या वर्षीचा कागद बघायचाय. मास्तरांनी वाचला तो."

मग सुरू झाली पायपीट. एका कार्यालयात साहेब रजेवर. दुसरीकडे अर्ज घेतला, पोच दिली नाही, आणि दोन महिन्यांनी असा अर्जच आला नाही म्हणाले. तिसरीकडे एका तरुण मुलानं संगणकातून डोकं वर न काढता सांगितलं, "या नावाचा मेयर आपल्याकडे नाही." बाबा माझ्या शेजारी काठी धरून उभे होते. त्यांना खुर्ची देण्याचं कोणाच्या मनात आलं नाही. वाईट वाटतं ते एवढ्याचंच. कागद मिळत नाही हे मी समजू शकते.

आणि मग तुम्ही. मी वर येऊन विचारलं, वडील खाली बसलेत, जिना चढवत नाही, असं म्हटलं. तुम्ही घड्याळाकडेही पाहिलं नाहीत. "आजोबांना व्हरांड्यातल्या टेबलाशी बसवा, मी आणतो," म्हणालात, आणि तो बांधलेला जाडजूड खंड दोन्ही हातांवर तान्ह्या मुलासारखा घेऊन खाली आलात. पानं पिवळी नव्हती, पार तपकिरी झाली होती. कडा हात लावला की पापडासारख्या तुटत होत्या. वरचा पंखा फिरत होता, त्या वाऱ्यानं एक कोपरा उडाला. तुम्ही उठून पंखा बंद केलात.

एप्रिलची दुपार. बाबांच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. तुम्ही शेजारच्या रॅकवरून जुन्या फाइलचा एक पुठ्ठा उचललात, बाबांच्या मागे जरा बाजूला स्टूल घेऊन बसलात आणि वारा पानांवर जाणार नाही असा, फक्त त्यांच्या मानेवर येईल असा घालत राहिलात. एका हातानं वारा, दुसऱ्या हाताच्या बोटानं ओळ. बाबांना मोतीबिंदू आहे, भिंगातून मथळा तेवढा लागला. खालचा मजकूर तुम्ही वाचलात, मोठ्यानं, सावकाश, मास्तरांसारखा. त्यात नाव आलं. महापौर आलं. तुरुंग आलं. बाबांनी टेबलावर हात ठेवला आणि तुम्हाला म्हणाले, "परत वाचा." तुम्ही परत वाचलंत. मग तिसऱ्यांदा. पुठ्ठा थांबला नाही.

मला तेव्हा बोलता आलं नाही. अजूनही लिहिताना हात थांबतोय.

त्या दिवसापासून मी मेहेरअलींबद्दल मिळेल ते वाचतेय. १९०३ सालचा जन्म, सधन व्यापारी घर. कायद्याची परीक्षा पास झाले, पण राजकारणापायी वकिलीची सनद नाकारली गेली. १९२८च्या फेब्रुवारीत सायमन कमिशन मुंबईच्या बंदरात उतरलं, तेव्हा 'सायमन परत जा' म्हणणाऱ्या तरुणांत ते पुढे होते. ती घोषणा त्यांचीच म्हणतात. 'चले जाव'मागे असलेले 'क्विट इंडिया' हे दोन इंग्रजी शब्दही गांधीजींना त्यांनीच सुचवले असं सांगतात. १९३४ साली जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन यांच्याबरोबर काँग्रेस समाजवादी पक्ष काढला. १९४२ साली तुरुंगात असतानाच मुंबईच्या महापौरपदासाठी त्यांचं नाव पुढे आलं. निवडून आले तेव्हा वय अवघं ३८. मुंबईत कारभाराच्या किल्ल्या आयुक्ताकडे असतात, महापौराच्या हाती सभा आणि मान. त्या मानाचं माणूस काय करू शकतो, ते आजोबांसारख्या गिरणीतल्या पोरांनी पाहिलं. पुढे ८ ऑगस्टला गोवालिया टँकवर ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून धरपकड सुरू झाली. आमचा मेयर पुन्हा तुरुंगात.

एक गोष्ट वाचली आणि मला तुमचा पुठ्ठा आठवला. तुरुंगात मेहेरअलींना हृदयविकाराचा झटका आला. चांगल्या इस्पितळात हलवायची सरकारनं तयारी दाखवली. ते म्हणाले, माझ्याबरोबरचे दोघे कैदीही आजारी आहेत, त्यांनाही न्या. सरकार नाही म्हणालं, तेव्हा तेही गेले नाहीत. त्यानंतर प्रकृती कधी नीट सुधारली नाही. २ जुलै १९५० रोजी गेले, पन्नाशीही न गाठता. बाबा तेव्हा दहा वर्षांचे. त्यांना आठवतं, त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. आजीनं विचारलं, आपलं कोण गेलं? आजोबा म्हणाले, आपलाच होता.

मोठ्या माणसांच्या अशा गोष्टी आपण पुस्तकात वाचतो आणि ती माणसं वेगळ्याच मातीची असं म्हणून मोकळे होतो. मला आता तसं म्हणवत नाही. समोरच्याला उकडतंय हे दिसणं आणि ते दिसल्यावर उठणं, हे दोन्ही मी तुमच्यात माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तुम्हाला त्यासाठी कोणी पगार देत नाही. खंड काढून दिला की तुमचं काम संपत होतं. जेवणाची सुट्टी होऊन गेली, तुमचा डबा टेबलाच्या कडेला तसाच बंद होता, हे मला रिक्षात बसल्यावर लक्षात आलं. त्याबद्दल माफी मागायची आहे.

बाबा आता रोज कोणाला ना कोणाला सांगतात. दूधवाल्याला सांगून झालं, सोसायटीच्या वॉचमनला सांगून झालं. दिवाळीत हसलेल्यांना त्यांनी स्वतः फोन केले. "मी छापलेलं पाहिलंय," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या महिन्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. पट्टी निघाली की त्यांना पुन्हा यायचंय, ते पान स्वतः वाचायला. आजीचा वाळ्याचा पंखा माळ्यावर होता, तो काढून पुसून ठेवलाय. येताना तो घेऊन येऊ. तुमची सुट्टी कोणत्या वारी असते, तेवढं कळवाल का?