निसवण

रावेर तालुका
मार्गशीर्ष शुद्ध एकादशी

चि. माईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. आपण रोज फोनवर बोलतो, पण फोनवर "जेवलीस का" आणि "पाऊस आहे का तिकडे" याच्या पुढे मला जाता येत नाही. आज गीता जयंती. सकाळी मंदिरात अठराही अध्यायांचं पारायण झालं. घरी येऊन फराळ केला, बागेतलं ठिबक चालू केलं आणि शेतातल्या खोलीत वही घेऊन बसलो. मोटारीचा आवाज आहे, बाकी शांत आहे.

दिवाळीत पाडव्याच्या रात्री तू दार लावून घेतलंस. तुझ्या आईनं लग्नाचा विषय काढला, तू तिला नको ते बोललीस, आणि दादानं वरून टोमणा मारला की दहा दिवस मौन करून आली म्हणे. मी बाहेर दाराशी उभा होतो. आतून तू म्हणालीस, "अप्पा, ते सगळं खोटं होतं. मी होते तशीच आहे." हे वाक्य महिनाभर माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

श्रावणात इगतपुरीचं विपश्यनेचं शिबिर संपवून तू नाशिकरोड स्टेशनवरून फोन केला होतास. पहाटे चारची घंटा, दहा दिवसांचं ते बसणं, पहिले तीन दिवस नुसता येणारा-जाणारा श्वास पाहणं, चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना. आठव्या दिवशी काय झालं ते सांगताना तुझा आवाज बदलला होता. म्हणालीस, माझ्यावरचा कितीतरी वर्षांचा राग डोळ्यांदेखत विरघळला, मी नवीन माणूस होऊन निघालेय. मी ते ऐकून रडलो होतो. तुला सांगितलं नाही, आज सांगतो. तो आवाज खोटा नव्हता. इतकी वर्षं बाजारात माणसं पाहतोय, खोटा आवाज मला कळतो.

मग दिवाळीत ते कुठं गेलं? मला जे कळलंय ते बागेतून कळलंय, म्हणून बागेचंच सांगतो.

तुझ्या लहानपणी तू विचारायचीस की केळफूल एका रात्रीत कुठून येतं. काल झाडाच्या डोक्यात काही नव्हतं आणि आज लाल-जांभळं कमळ बाहेर डोकावतंय. बाहेरच्याला ते एका रात्रीचंच वाटतं. मृगबाग आपण पावसाच्या तोंडावर लावतो. काही महिने झाड नुसती पानं काढत राहतं. मग खाली कंदाशी, मातीच्या बरोबरीनं, कोंब पानं सोडून फुलाकडे वळतो. वरून काहीही दिसत नाही. तिथून ते फूल खोडाच्या पोटातून, सगळ्या पानांच्या मधून, हळूहळू वर चढतं. घडाला किती फण्या येणार हेही खालीच ठरून जातं. त्या दिवसांत झाडाला पाणी कमी पडलं तर नंतर कितीही खत ओता, वाढीव फणी येत नाही. मग एक आखूड पान येतं आणि आपण म्हणतो, आता निसवणार, म्हणजे घड बाहेर पडणार. कधी कडक थंडीत तयार घडसुद्धा गळ्याशी अडकतो. आत सगळं झालेलं असतं, बाहेर येता येत नाही.

म्हणून माणूस अचानक बदलतो की हळूहळू, हा वाद मला पटत नाही. पण तुझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट याच्या पुढची आहे. वादळात आधी कोणती झाडं पडतात ते आठव. कोवळी बाग वाऱ्यात पानं फाडून घेते, पण उभी राहते. निसवलेलं झाड पडतं. डोक्यावर घड आलेला असतो, मुळं तेवढीच असतात. घड भरायला अजून तीन महिने असतात. नेमक्या त्याच तीन महिन्यांत आपण बांबूचे टेकू लावतो, दोऱ्या बांधतो. घड खरा असतो म्हणून तर जड असतो.

माई, तू श्रावणात निसवलीस आणि कुणीच टेकू लावला नाही. त्यात माझाही दोष आहे. तुला वाटलं झालं, आता काही करायचं उरलं नाही. तिथं रोज सकाळ-संध्याकाळ तासभर बसायला सांगितलं होतं, ते तू पंधरा दिवसांत सोडलंस. ऑफिसच्या गर्दीत जमत नव्हतं, हे मला कळतं. मग घरी आलीस, तीच आई, तोच विषय, तोच दादा. पहिल्या वाऱ्याला झाड आडवं झालं. त्यावरून घड आलाच नव्हता असं कसं म्हणतेस?

आता माझं सांगतो. हे तुला अर्धवट माहीत आहे.

तू चार वर्षांची होतीस. जूनच्या पहिल्या आठवड्यात वादळ आलं आणि आपली निसवलेली बाग अर्ध्या तासात झोपली. चार हजार झाडं होती. मी बांधावरून घरी आलो, आईनं ताट वाढलं, आणि ती काहीतरी एवढंसं बोलली, बहुधा "जेवून घ्या आधी" एवढंच. मी ताट भिंतीवर फेकलं. वरणाचा पिवळा ओघळ चुन्याच्या भिंतीवरून खाली उतरत होता, कमरेच्या उंचीपासून जमिनीपर्यंत. तुझी आई हलली नाही. आजी उठली, पदरानं भिंत पुसायला लागली. पुसून डाग पसरला. पुढच्या दिवाळीला चुना देईपर्यंत तो तिथं होता आणि मी रोज त्याच्यासमोर जेवलो.

त्या आषाढीच्या आधी मी मुक्ताईला जाऊन माळ घातली. कोथळीच्या देवळातून बाहेर पडलो तेव्हा मी दुसराच माणूस होतो. मटण त्या दिवशी सुटलं, दारू त्या दिवशी सुटली, आजपर्यंत हात लावलेला नाही. त्यात हळूहळू काही नव्हतं. एका सकाळी सुटलं ते सुटलं. मला वाटलं रागही गेला. नवव्या दिवशी सालदारानं पाण्याची पाळी चुकवली आणि मी त्याच्या आईवरून शिवी दिली. त्याच्या पोरासमोर. घरी आलो, माळ काढली आणि खुंटीला टांगली. मीही तेच म्हणालो होतो, हे सगळं ढोंग आहे.

आजीनं खुंटीवरची माळ काढली, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "शांत माणसाला माळ कशाले लागते रे? तुलेच लागते." एवढंच म्हणाली आणि शेळीला चारा घालायला गेली.

राग त्यानंतर कसा कमी झाला ते नीट सांगतो, कारण हे कीर्तनात कुणी सांगत नाही. पहिली दोन-तीन वर्षं ओरडून झाल्यावर रात्री अंथरुणावर पडल्यावर कळायचं की आज चुकलं. मग दिवस मावळायच्या आत कळायला लागलं. मग ओरडून तोंड मिटता मिटता. एकदा सावद्याच्या बाजारात व्यापाऱ्याशी भावावरून भांडताना मधेच कळलं आणि वाक्य अर्ध्यात सोडून मी चहा प्यायला गेलो. ते माळ घातल्याला अकरावं वर्ष होतं. आता बहुतेक वेळा कानाच्या पाळ्या तापायला लागल्या की समजतं. तू ज्याला संवेदना म्हणतेस तीच ही असावी. बहुतेक वेळा म्हटलं, नेहमी नाही.

हे कळण्याचं अंतर कमी होत गेलं, एवढाच माझा परमार्थ. पण त्या एका सकाळी माळ घातली नसती तर हे अंतर मोजायला मी सुरुवातच केली नसती.

आज पारायणात दोन शब्दांवर अडलो. सहाव्या अध्यायात मन आवरण्याचा विषय आहे, तिथं भगवंत "शनैः शनैः" म्हणतात. नवव्यात अगदी दुराचारी माणसाबद्दल म्हणतात की तो "क्षिप्रं", म्हणजे लवकरच, धर्मात्मा होतो. तोंड एकच, शिष्य एकच. आपल्या मंदिरातले निवृत्त गुरुजी म्हणाले की शास्त्रात दोन्ही वाटांना नावंच आहेत. शुकाची विहंगम वाट, पाखरासारखी थेट फळावर. वामदेवाची पिपीलिका, मुंगीसारखी खोडावरून चढत. वराहोपनिषदात आहे म्हणे, आणि दोन्ही पोचतात असंही तिथंच आहे. मला त्याहून नवव्या अध्यायातला आधीचा श्लोक मोलाचा वाटला. "क्षिप्रं" म्हणण्याआधी भगवंत सांगतात की त्या माणसाचा निश्चय नीट झालेला आहे. तो निश्चय कुठं, किती दिवस शिजत होता, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

चांगदेवाची गोष्ट तू शंभरदा ऐकलीस, आपल्याच तापी-पूर्णेच्या संगमावर त्याचं देऊळ. 1400 वर्षं योग केला, ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला तर मायना सुचेना, वयानं लहान म्हणून चिरंजीव लिहावं की ज्ञानानं मोठे म्हणून तीर्थरूप, आणि शेवटी कोरा कागद पाठवला. मुक्ताई म्हणाली, एवढी वर्षं जगून कोराच राहिला. कीर्तनात इथं सगळे हसतात. मीही हसायचो. मग वाघावर बसून, सापाचा चाबूक घेऊन तो भेटायला निघाला, आणि समोरून भावंडं भिंतीवर बसून आली. भिंत चालत आली. तो वाघावरून उतरला.

अलीकडे मी हसत नाही. दुसरा कुणी असता तर भिंत पाहून चिडला असता, नाहीतर आपणही भिंत चालवायला शिकला असता. हा उतरला, आणि जिनं त्याला कोरा म्हटलं त्या लहान पोरीलाच त्यानं गुरू केलं. उतरायला एक क्षण लागला. पण त्या क्षणी उतरता यावं म्हणून आधीची वर्षं खर्ची पडली असतील असं मला वाटतं. आणि उतरल्यावरही संपलं नाहीच. ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाचं उत्तर म्हणून 65 ओव्या लिहिल्या, ते वाचून, समजून घेऊन, शिष्य होऊन बसावं लागलं. उपदेश उतरल्यानंतर झाला.

आणि दार लावून बसण्याचं म्हणशील, तर ते खुद्द ज्ञानदेवांनीही केलं. लोकांनी टाकून बोललं म्हणून झोपडीची ताटी लावून आत बसले. तेव्हाही ते ज्ञानदेवच होते. मुक्ताईनं बाहेरून विनवून उघडायला लावलं, ते ताटीचे अभंग. पाडव्याच्या रात्री तुझ्या दाराशी उभा असताना ते मला आठवत होते, पण म्हणायला तोंड उघडेना. मी मुक्ताई नाही. मी नुसता उभा राहिलो, तू झोपलीस असं वाटल्यावर दिवा मालवला.

दादाच्या टोमण्याचं मनाला लावून घेऊ नकोस. तुमच्या शिबिरातल्या प्रवचनात अंगुलिमालाची, माणसं मारणाऱ्या त्या दरोडेखोराची, गोष्ट सांगतात का मला माहीत नाही. बुद्धासमोर तो थांबला, भिक्षू झाला, एका दिवसात. पण गावात भिक्षेला गेला की लोक दगड मारायचे. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र मोडलेलं, अशा अवस्थेत परत आला तेव्हा बुद्ध त्याला म्हणाले, सहन कर. लोकांच्या लेखी तो अजून तोच होता. घरच्यांना आपला जुना स्वभाव पाठ असतो. माझ्या ताटाचं तुझ्या आईला अजून आठवतं, म्हणून मी जेवताना जरा मोठ्यानं बोललो तरी तिचा हात वाढता वाढता थांबतो. बावीस वर्षं झाली. मी ते पाहतो आणि आवाज खाली आणतो. तिला आधी विश्वास बसू दे, मग मी बदललो म्हणेन, अशी वाट मी पाहत नाही. तूही पाहू नकोस.

आजीला कधी काही अचानक झालं नाही. मुक्ताईच्या पालखीबरोबर ती महिन्याहून जास्त चालायची, बुलडाणा, जालना, बीड करत पंढरपूर. आल्यावर विचारलं काय मिळालं, तर म्हणायची पाय दुखतात. तिला राग आलेला मी पाहिला नाही. ती मुंगीची वाट होती, किंवा ती आधीच कधीतरी पोचली होती आणि तिनं कुणाला सांगितलं नाही.

तू आता एवढंच कर. सकाळी दहा मिनिटं बस. तासभराचा हट्ट धरून मग काहीच न करणं नको. ज्या दिवशी चिडशील त्या दिवशी तर नक्की बस, आणि ते वहीत लिही, किती वेळानं कळलं तेवढंच. माझ्याकडे अशा तीन वह्या आहेत. तुला दाखवीन.

महाशिवरात्रीला मुक्ताई-चांगदेवाची यात्रा असते. दोन दिवस रजा टाकता आली तर बघ. संगमावर जाऊ, पायऱ्यांवर बसू, बोलायलाच पाहिजे असं नाही. भुसावळला उतरलीस तर मी घ्यायला येतो.

मळ्यातली भरताची वांगी सुरू झालीत. काल आईनं कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजली, आणि सवयीनं तुझ्यासाठीही एक जास्तीचं भाजलं. तिच्याशी तू दिवाळीपासून बोललेली नाहीस. ती विचारत नाही. पण संध्याकाळी सहानंतर, तुझ्या सुटायच्या वेळेला, फोन चार्जिंगला लावायचा असला तरी ती तो चुलीजवळच्या कोनाड्यात, हाताशी ठेवते.

तुझे,
अप्पा