सूत्रं नंतर, आधी गाडी बघू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या विद्यार्थी पानावर फिजिक्सची सोडवलेली गणितं येतात, चांगली असतात, पोरं कापून पण ठेवतात, पण सगळी एकाच साच्यातली. यू (सुरुवातीचा वेग) दिलाय, ए (ॲक्सलरेशन, म्हणजे वेग बदलण्याचा दर) दिलाय, टी (वेळ) दिलाय, व्ही (शेवटचा वेग) काढा. नववीला पहिलाच धडा 'गतीचे नियम', तिथे तीन समीकरणं पाठ झाली की झालं, पोरगं उत्तर बरोबर आणतं आणि गाडी नेमकी काय करतेय विचारलं की गप्प.

आता आपल्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात याची प्रयोगशाळा रुळाच्या कडेलाच उभी आहे हो. किलोमीटरच्या पाट्या असतात, विजेच्या खांबांवर पण किलोमीटर आणि खांबाचा नंबर टाकलेला असतो, मोजणी मुंबईपासूनची. भुसावळ साधारण 445, जळगाव 420 च्या आसपास. ही झाली पोझिशन. कोणी शून्य मुंबईऐवजी भुसावळला धरला तर आकडे बदलतील, पण दोन स्टेशनांमधलं अंतर तेवढंच राहणार.

मग भुसावळहून मुंबईकडे निघालेली गाडी घ्या. आकडे कमी होत चाललेत म्हणून वेग मायनस, समजा सेकंदाला मायनस 25 मीटर, म्हणजे ताशी 90 किलोमीटर. जळगावला ब्रेक लागला, मायनस 25 वरून शून्यावर आली, तर ॲक्सलरेशन प्लस आलं! गाडी थांबतेय आणि ॲक्सलरेशन प्लस, हे ऐकून क्लासमधली हुशार पोरं पण भांडायला उठतात, कारण त्यांच्या डोक्यात मायनस म्हणजे स्लो असं बसवलेलं असतं. चिन्ह फक्त दिशा सांगतं, वेग आणि ॲक्सलरेशन उलट्या दिशेला असले की गाडी स्लो होते, बस.

दुसरं म्हणजे मोबाईलच्या जीपीएसवर स्पीड दिसतो. खिडकीत बसून (दारात नको, प्लीज) दर 20 सेकंदांनी लिहून काढायचा. समजा जळगाव सोडल्यावर ताशी किलोमीटरमध्ये आकडे आले 0, 18, 34, 48, 59, 67. स्पीड वाढतोय पण दरवेळची वाढ बघा, 18, 16, 14, 11, 8. म्हणजे ॲक्सलरेशन कमी होतंय आणि गाडी तरी जास्त जास्त जोरात पळतेय, कारण स्पीड वाढला की इंजिनाची ओढ कमी पडत जाते. पुढे एकसारखी 90 ने धावली तर ॲक्सलरेशन शून्य. उलट सरळ वर फेकलेला बॉल एकदम वरच्या टोकाला असतो तेव्हा वेग शून्य पण ॲक्सलरेशन खालच्या दिशेने 9.8 (म्हणजे दर सेकंदाला वेगात सेकंदाला 9.8 मीटरचा बदल) आहेच, नाहीतर तो तिथेच लटकून राहिला असता.

आता गंमत. या 100 सेकंदांत गाडी किती गेली? पाठ केलेलं सूत्र लावलं, म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा वेग घेऊन सरासरी काढली, तर 930 मीटर येतात. तेच आलेख काढून रेषेखालचे चौकोन मोजले तर साधारण 1,070 येतात. सूत्र चुकीचं नाही, पण ते ॲक्सलरेशन एकसारखं असेल तेव्हाच चालतं आणि इथे ते एकसारखं नाहीच. कोणाचं बरोबर ते खांबांचे नंबर बघून तिथल्या तिथे तपासता येतं. पोझिशनच्या आलेखाचा चढ म्हणजे वेग, वेगाच्या आलेखाचा चढ म्हणजे ॲक्सलरेशन आणि वेगाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर, एवढं हाताने एकदा काढलं की अकरावीला कॅल्क्युलस आलं तरी पोरं घाबरणार नाहीत असं माझं तरी मत आहे. मार्कांसाठी घोकणं चालूच राहील म्हणा, ते काही तुमच्या-माझ्या हातात नाही.

म्हणून विनंती एवढीच, सोडवलेल्या गणितांतलं एखादं कमी करा आणि त्या जागी आकड्यांचा एक नुसता तक्ता छापा, गाडीचा, एसटीचा, सायकलचा, कशाचाही, आणि खाली आलेखाचे रिकामे चौकोन. प्रश्न एकच, ही गाडी कुठे जोर घेतेय, कुठे सोडतेय आणि किती लांब गेली. आणि उत्तर त्याच दिवशी छापू नका, निदान आठवडाभर तरी घरात वाद होऊ द्या.

आपला,
एक वाचक, भुसावळ