अक्कलदाढेनंतरच्या सूचना मराठीत हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात शहरातील एका दवाखान्यात माझी आडवी वाढलेली अक्कलदाढ काढली, तेव्हा हाती पडलेला सूचनांचा कागद पूर्ण इंग्रजीत होता. तोंडात कापसाचा बोळा दाबून धरलेल्या माणसाला शंकाही विचारता येत नाही. दाढेच्या खड्ड्यात साकळलेले रक्त हेच जखमेचे झाकण असते आणि थुंकल्याने, खळखळून चूळ भरल्याने किंवा तंबाखू-सिगारेटमुळे ते निघाले, तर हाड उघडे पडून दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत ठणका लागतो, हे मला तो लागल्यावरच कळले. (पांढरा रस्सा पातळ असला तरी गरम, म्हणून तोही पहिल्या दिवशी वर्ज्य!) दंतवैद्यांनी हा कागद मराठीतही छापावा, ही विनंती.

एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर