मचाणावर चढण्याआधी

लष्कर, ग्वाल्हेर

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू मैत्रिणीच्या वडिलांबरोबर हरणाच्या शिकारीला जाणार हे कळल्यापासून घरात दोन पक्ष पडलेत. आईचं म्हणणं, पोरगी शिकायला पाठवली की हरणं मारायला? मी तिला सांगून पाहिलं की शिकार आपल्याकडे 1972 च्या कायद्याने बंद झाली, तुझ्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनात ती परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत रीतसर चालते. त्यावर शिवपुरीच्या ज्या रानात ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानिकांच्या वेळी वाघ मारले जायचे, तिथे 2025 च्या मार्चमध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, हे तिने मलाच ऐकवलं. तो वाद तू आलीस की तिच्याशी घाल. मी त्यात पडत नाही.

मला बोलायचंय ते तुझ्या फोटोतल्या मचाणाबद्दल. झाडाला पट्ट्याने आवळलेली लोखंडी शिडी आणि वर सोळाएक फुटांवर खुर्चीएवढी बैठक. बंदुकीची मला तेवढी धास्ती नाही. 1973 पासून पुढे जन्मलेल्यांना तिथे शिकारीचा कोर्स सक्तीचा आहे, तो तू केलायस, भडक नारिंगी जाकीटही घेतलंयस. पण सोळा फुटांवरून माणूस एका सेकंदात खाली येतो, आणि जमिनीला लागताना वेग ताशी पस्तीस किलोमीटरच्या आसपास असतो. ‘अरे’ म्हणेपर्यंत सगळं संपलेलं असतं.

माझी सारी नोकरी विजेच्या खांबांवर गेली, म्हणून हे मला जास्त दिसतं. वर पोचून काम करणारा माणूस सहसा पडत नाही, तो सावध असतो. धोका असतो चढता-उतरताना, आणि सगळ्यात जास्त, शिडीवरचा पाय उचलून बैठकीवर टाकायच्या त्या एका पावलात. त्या क्षणी एक हात सुटलेला, वजन अधांतरी, पायात जाड बूट आणि नोव्हेंबरातल्या पहाटे पायरीवर दहिवर गोठलेलं. बरेच लोक बैठकीवर टेकल्यावर सुरक्षेचा पट्टा झाडाला अडकवतात, म्हणजे धोक्याची वेळ टळून गेल्यावर! तू तसं करायचं नाही. झाडावर वरपासून बुंध्यापर्यंत एक दोर आधीच बांधलेला हवा, त्यावर प्रुसिकची गाठ. ही गाठ हाताने सरकवली तर सरकते, झटका बसला की दोराला घट्ट चावते. जमिनीवर उभी असतानाच हार्नेस, म्हणजे अंगात घालायचा सुरक्षेच्या पट्ट्यांचा साज, त्या गाठीला जोडायचा, चढताना गाठ आपल्याबरोबर वर सरकवत न्यायची, आणि उतरून दोन्ही पाय जमिनीला टेकल्यावरच सोडायचा. मधल्या वेळात काही झालं तरी नाही. बसल्यावर गाठ डोक्याच्या वर राहील आणि गाठ व हार्नेसमधल्या पट्ट्यात ढिलाई राहणार नाही, एवढी वर ने. ढील जितकी जास्त, तितका झटका मोठा.

हार्नेस पूर्ण अंगाचा हवा, खांदे आणि मांड्या दोन्हींतून जाणारा. कमरेचा पट्टा कोणी देऊ केला तर नम्रपणे परत कर. आम्ही एके काळी तसलेच वापरायचो, पण त्यावर लटकलेला माणूस पोटात दुमडतो, त्याला श्वास घेता येत नाही, नाहीतर तो उलटा होऊन निसटतो. आणि पूर्ण हार्नेसनेही काम संपत नाही, हे फार जणांना ठाऊक नसतं. नुसतं लोंबकळत राहिलं की मांड्यांचे पट्टे रुततात, रक्त पायांत साचतं, माणूस बेशुद्ध पडतो. अर्ध्या तासाच्या आतही जिवावर बेतू शकतं. म्हणून हार्नेसबरोबर एक जादा पट्टी येते, तिचा फास करून त्यात पाय रोवून उभं राहायचं, पाय हलवत राहायचं, जमेल तशी शिडी पकडायची. ही पट्टी कुठल्या खिशात आहे ते अंधारात चाचपून सापडलं पाहिजे. शुक्रवारी त्यांच्या अंगणात, जमिनीपासून हातभर उंचीवर आणि कोणी जवळ उभं असताना, एकदा खरंच लटकून बघ. हसतील, हसू देत.

मचाण वर्षभर झाडावरच असतं असं तू म्हणालीस. मग त्याचे पट्टे आधी खालून नीट बघायला सांग. ऊन-पावसाने नायलॉन कुजतं, खारी कुरतडतात, झाड जाड होत जातं तसा पट्टा ताणला जातो. झाडही बघा. तिकडे 2008 पासून एका हिरव्या भुंग्याने अ‍ॅशची झाडं उभ्या उभ्या मारलीत. ती वरून धड दिसतात आणि आतून ठिसूळ असतात. अशा झाडावर चढायचंच नाही, मग यजमानांना वाईट वाटलं तरी चालेल.

बंदूक हातात घेऊन चढू नये हे कोर्सात शिकवलं असेलच. गोळ्या काढलेली, नळी खाली, दोरी घोड्याजवळ न बांधता, आणि आपण वर पक्कं अडकल्यावरच ओढून घ्यायची. फोन पिशवीत नको, छातीच्या खिशात. पिशवी खाली पडली आणि तू लटकलेली, तर फोनचा काय उपयोग? कुठल्या झाडावर आहेस आणि किती वाजता उतरणार, हे घरात राहणाऱ्या कोणाला तरी सांगून जा. पेंग आली तर खाली उतर. हरीण पुढच्या वर्षीही असतं.

आईने चिवड्याचं पार्सल कालच टाकलं. हार्नेस त्यांचाच वापरणार असशील तर त्याच्या आतल्या बाजूला शिवलेलं लेबल असतं, त्यावर बनवल्याची तारीख असते. त्याचा स्वच्छ फोटो शुक्रवारच्या आत मला पाठव. मुदत संपलेली निघाली तर नवा घे, पैसे मी पाठवतो.

तुझे,
बाबा