आईची गोळी आणि बाबांचे दोन प्रश्न

नाशिक येथील तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आईला मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी दिलेल्या एकाच गोळीत दोन औषधे कशासाठी, आणि जंतूंना मारणारी गोळी आपल्याला का मारत नाही, असे तुम्ही विचारले होते.

जंतूंना वाढायचे तर आधी डीएनएची नक्कल काढावी लागते आणि डीएनएचे घटक तयार करायला फोलेट हे जीवनसत्त्व लागते. आपण ते पालेभाज्या आणि डाळींतून आयते घेतो. बहुतेक जंतूंना मात्र ते स्वतःच्या पेशीतच घडवावे लागते. गोळीतले पहिले औषध, सल्फामेथॉक्साझोल हे सल्फा औषध, या घडणीतल्या कच्च्या मालासारखेच दिसते, त्यामुळे ते विकरातली (घडणीचे काम करणाऱ्या एन्झाइममधली) त्याची जागा बळकावते आणि काम सुरुवातीलाच अडते. दुसरे औषध, ट्रायमेथोप्रिम, पुढच्या पायरीवरचे विकर बंद पाडते. हे दुसरे विकर आपल्या शरीरातही असते, पण जंतूंच्या विकराला हे औषध हजारो पटींनी घट्ट चिकटते. गोळीवरचे ८००/१६० हे आकडे म्हणजे या दोघांचे मिलिग्रॅम.

सल्फा औषधे पेनिसिलिनच्या आधी वापरात आली. त्यांतल्या पहिल्या औषधाचा, प्रॉन्टोसिलचा, शोध लावणाऱ्या गेरहार्ड डोमाक यांनी ते आजारी पडलेल्या स्वतःच्या मुलीलाही दिले होते आणि ती वाचली. त्यांना १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आईला मागे दिलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनची तऱ्हा वेगळी. डीएनए उलगडताना पडणारा पीळ सोडवण्यासाठी गायरेज हे विकर त्याचे धागे कापून पुन्हा जोडते. औषध त्याला नेमके कापलेल्या अवस्थेत अडकवते. तुमच्या नाशिकरोडच्या प्रेसच्या भाषेत, आताच्या गोळीने कागद संपतो, सिप्रोने छापता छापता यंत्रच अडकते. ती गोळी दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत नीट शोषली जात नाही, शिवाय साठीनंतर तिने टाचेमागचा स्नायुबंध दुखावू शकतो. म्हणून घरात उरलेली असली, तरी मनाने घेऊ नका.

आईच्या आताच्या पट्टीतली गोळीही, बाबा, तुम्ही घ्यायची नाही. तुमच्या रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनसोबत ट्रायमेथोप्रिम घेतल्यास रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते, आणि ते बरेचदा काही जाणवू न देता वाढते. आई, तू डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस गोळी घे, पाणी भरपूर पी, आणि अंगावर पुरळ उठले तर पुढची गोळी न घेता आधी त्यांना फोन कर.

तुमची लेक