बाल्कनच्या लेखात तिसरा कुठे गेला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत सर्ब आणि क्रोएट साहित्यावरचा लेख वाचला. विषय आपल्याकडे कोणी हाताळत नाही, म्हणून आधी आनंद झाला. पण सर्ब सिरिलिकमध्ये (रशियनच्या धर्तीच्या लिपीत) लिहितात, क्रोएट रोमनमध्ये, म्हणून दोघांची साहित्यं मुळापासूनच वेगळी, हे वाचून चहा थंड झाला. त्याहून खटकलं ते हे, की पान भरून मजकूर असूनही बोस्नियाच्या मुसलमानांचा साधा उल्लेख नाही.

मी मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. १९८९ साली आमचं जहाज तीन आठवडे तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या, आजच्या क्रोएशियातल्या, रियेका बंदरात ड्रायडॉकमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या कोरड्या गोदीत होतं. ऑयलर, म्हणजे इंजिनाचं तेलपाणी बघणारा, इमोत्स्कीचा क्रोएट, सेकंड मेट नोवी सादचा सर्ब आणि चीफ कुक त्रावनिकचा बोस्नियन मुसलमान. मेसरूममधल्या, म्हणजे जहाजावरच्या जेवणघरातल्या, कॅलेंडरवर 'लिस्तोपाद' असं छापलेलं होतं, ती मला एखादी कंपनी वाटली. ऑयलर म्हणाला, पानगळीचा महिना, म्हणजे ऑक्टोबर. मेट लगेच म्हणाला, आमच्याकडे सरळ 'ओक्तोबार' म्हणतात. पाव एकाचा 'क्रूह', दुसऱ्याचा 'ह्लेब'. हजार एकाचे 'तिसुचा', दुसऱ्याचे 'हिल्यादा'. रोजची चेष्टामस्करी, पण एकमेकांचं बोलणं समजलं नाही असं एकदाही झालं नाही.

एका रात्री जेवणं आटोपल्यावर ऑयलरने टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि म्हणाला, 'श्ता से ब्येली उ गोरी झेलेनोय?' हिरव्या रानडोंगरात ते पांढरं काय दिसतंय? ('गोरी' शब्दाचा मी भलताच अर्थ लावला होता.) पुढची ओळ मेटने उचलली, 'आल ये स्नियेग, आल सु लाबुदोवी?' बर्फ आहे की हंस? एरवी हा माणूस बर्फाला 'स्नेग' म्हणायचा, पण गाण्यात त्याच्या तोंडून आपसूक 'स्नियेग' आलं. आणि गॅलीच्या, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघराच्या, खिडकीतून, भांडी विसळता विसळता, कुकने पुरवणी जोडली: बर्फ असता तर एव्हाना वितळला असता, हंस असते तर उडून गेले असते, तो तर हसन-आगाचा तंबू!

हे 'हसानागिनित्सा' नावाचं जुनं लोकगीत; नावाचा अर्थ हसन-आगाची बायको. ओळ दहा अक्षरांची, चौथ्यानंतर थांबा. जखमी आगाला भेटायला आई येते, बहीण येते, बायको मात्र लाजेपोटी येत नाही. तो चिडून निरोप धाडतो, माझ्या वाड्यात माझी वाट पाहू नकोस. भाऊ, पिंतोरोविच बेग, तिला माहेरी नेतो आणि इमोत्स्कीच्या काझीशी तिचं लग्न ठरवतो. ती एकच मागते: लांब बुरखा द्या, वाड्यावरून जाताना माझी पोरं मला दिसू नयेत. तरीही वरात तिथे पोचते आणि मुलं बाहेर येतात. ती थांबते, मुलांना भेटवस्तू देते, पाळण्यातल्या तान्ह्यालाही कापड पाठवते. आगा मुलांना हाक मारतो, या इकडे, तुमच्या आईचं काळीज दगडाचं आहे. ते ऐकून ती जागीच कोसळते, मरते.

आता हिला कोणाच्या खात्यात टाकणार? पात्रं मुसलमान. इमोत्स्की गाव आजच्या क्रोएशियात. छापली एका इटालियन पाद्र्याने, आल्बेर्तो फोर्तिसने, १७७४ साली व्हेनिसमध्ये. जर्मनमध्ये आणली गटेने. आणि १८१४ साली व्हिएन्नात निघालेल्या आपल्या पहिल्या गीतसंग्रहात घेतली वूक कराजिचने, म्हणजे सर्बांच्या भाषासुधारकाने. आमच्या मेसरूममध्ये तिघांनी मिळून म्हटली, ती तिघांनाही शाळेतच पाठ झालेली.

लिपीचंही तसंच. क्रोएटांचा क्रक बेटावरचा प्रसिद्ध बाश्का शिलालेख इ. स. ११००च्या सुमाराचा, आणि तो रोमन नाही, ग्लागोलितिक या जुन्या स्लाव लिपीत कोरलेला आहे. स्प्लिटच्या मार्को मारुलिचचं रोमन लिपीतलं 'युदिता' काव्य त्यानंतर चारशे वर्षांनी, १५२१ साली व्हेनिसमध्ये छापलं गेलं. उलट आज सर्बियात सिरिलिकसोबत रोमनही सर्रास चालते. 'बोलता तसं लिहा' हा आग्रह धरत वूकने सिरिलिक साफसूफ केली, त्यात रोमनमधलं 'j' हे अक्षर घेतलं म्हणून चर्चचे लोक त्याच्यावर तुटून पडले. त्याची वर्णरचना सर्बियात अधिकृत झाली १८६८ साली, तो जाऊन चार वर्षं झाल्यावर. क्रोएटांकडे रोमनची घडी बसवली ल्युदेवित गायने (उच्चार गायच, हसू नका). १८५० साली व्हिएन्नात दोन्हीकडच्या लेखकांनी एकत्र बसून समाईक साहित्यभाषेच्या करारावर सह्याही केल्या.

इवो आंद्रिचला लेखात 'सर्ब कादंबरीकार' म्हटलंय. जन्म १८९२चा, बोस्नियातल्या त्रावनिकजवळचा, घराणं कॅथलिक क्रोएट. पहिलं पुस्तक १९१८ साली क्रोएशियातल्या झाग्रेबला छापलं, पुढे मुक्काम सर्बियातल्या बेलग्रेडला. १९६१चं नोबेल मिळालेल्या या माणसाला दोन शब्दांत कसं बसवता?

भाषा एकच म्हणा, असा माझा हट्ट नाही. क्रोएट लेखकांनी १९६७ साली आपल्या भाषेच्या नावासाठी जाहीरनामा काढला होता, आणि आपल्या भाषेला काय म्हणायचं हे ज्याने त्याने ठरवावं. पण इतिहास सांगताना गॅलीच्या खिडकीतल्या माणसाला वगळू नका. शक्य असेल तर दुरुस्ती छापा, आणि जागा उरलीच तर सोबत 'हसानागिनित्सा' मराठीत द्या. तिचा अनुवाद मी केलेला आहे, मागाल तेव्हा पाठवतो.

आपला,
एक निवृत्त दर्यावर्दी वाचक